लेस पॉल: ओंडक्यावरची तार आणि टेपवरचं जादा हेड

घोडी:

दुकानात 'लेस पॉल दाखवा' म्हटलं की एका बाजूला खाच असलेली जडशीळ गिटार समोर येते. या नावाचा माणूस होता आणि तो पहिल्या दर्जाचा वादक होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. आठवण काढायची तर त्यांनी नेमकं काय केलं, कसं केलं आणि आज ते आपल्याला करून बघता येईल का, या अंगाने काढू या. माहीतगारांनी भर घालावी.

लेस्टर विल्यम पोल्सफस, जन्म ९ जून १९१५, गाव वॉकेशा, राज्य विस्कॉन्सिन. मृत्यू १२ ऑगस्ट २००९, वय ९४. पोरवयातच माउथ ऑर्गन आणि गिटार एकदम वाजवता यावं म्हणून त्यांनी गळ्यात अडकवायचा तारेचा स्टँड केला. रस्त्याकडेच्या खाण्याच्या ठिकाणी वाजवताना गाड्यांत बसलेल्या लोकांना गिटार ऐकू जाईना. मग ग्रामोफोनची सुई थेट गिटारच्या लाकडात रोवली आणि आवाज रेडिओतून काढला. आवाज वाढला, पण स्पीकरच्या आवाजाने पोकळ पेटीच कापायला लागली आणि शिट्टी मारू लागली. पेटीत आधी चिंध्या कोंबल्या, मग प्लॅस्टर भरलं.

पुढचा प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रेल्वे रुळाचा साधारण दोन फुटी तुकडा घेतला, त्यावर एक तार ताणली आणि तारेखाली टेलिफोनमधला भाग ठेवला. तीच तार लाकडाच्या तुकड्यावर ताणूनही ऐकली. रुळावरची कितीतरी जास्त वेळ वाजत राहिली. सरळ एकतारीच ही, फक्त भोपळ्याच्या जागी लोखंड.

सतार ऐकणाऱ्यांना यामागचं कारण लगेच कळेल. भोपळा आणि तबली तारेची ऊर्जा घेतात आणि हवेत सोडतात. आवाज मोठा होतो, पण तार तितकी लवकर थकते. विजेवर आवाज मोठा करायचाच असेल तर पेटीने ऊर्जा घ्यायची गरजच उरत नाही. आधार जितका जड आणि ताठ, तितकी तारेची आस, म्हणजे छेडल्यावर सूर टिकण्याचा काळ, लांब. शिवाय पेटी कापत नाही, म्हणून शिट्टीही कमी. रूळ गळ्यात अडकवून फिरता येत नाही, एवढीच काय ती अडचण. तिथून ते ओंडक्याकडे वळले.

१९४०-४१च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात रविवारी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांनी 'लॉग', म्हणजे ओंडका, बनवला. मध्ये ४ बाय ४ इंची पाइनचा ओंडका, त्याला गिटारचा नेक (बोटं ठेवायची लांब दांडी), घरी केलेले दोन पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारे भाग). ओंडका तसाच घेऊन वाजवला तेव्हा लोकांना ते वाद्यच वाटेना. मग एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन भाग पंखांसारखे दोन्ही बाजूंना लावले. आवाजात फरक काही नाही, पण आता ती गिटार दिसत होती. गिब्सन कंपनीला दाखवली तेव्हा त्यांनी नाकारली. फेंडर कंपनीची भरीव गिटार १९५०मध्ये बाजारात आली आणि चालायला लागली, तेव्हा गिब्सनला हा माणूस आठवला. १९५२मध्ये त्यांच्या नावाची सोनेरी गिटार निघाली.

तरफ:

धागा छान. एक गोष्ट सुरुवातीलाच नीट मांडू या, कारण समाजमाध्यमांवर 'इलेक्ट्रिक गिटारचा जनक' असं सर्रास फिरतं.

विजेवरची पहिली चालणारी गिटार त्यांची नव्हे. जॉर्ज बोशाँ यांनी रिकनबॅकरबरोबर केलेली 'फ्राइंग पॅन' १९३१-३२ची आहे. ती ॲल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची आणि भरीवच होती. एकावर एक आवाज चढवणंही त्यांच्या आधी झालं होतं. जॅझ वादक सिडनी बेशे यांनी १९४१मध्ये सगळी वाद्यं एकट्याने वाजवून तबकडी काढली होती. गिब्सनच्या गिटारचं बरंचसं रेखाटन कारखान्यात, गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या देखरेखीखाली झालं.

यात लेस पॉल यांचं मोठेपण कणभरही कमी होत नाही. तार पेटीपासून सोडवायची आणि प्रत्येक सूर दुसऱ्या सुरापासून वेगळा हाताळायचा, या दोन गोष्टींचा पिच्छा त्यांनी आयुष्यभर पुरवला. तेवढा चिवट वादक त्या काळात दुसरा सापडत नाही.

जवारी:

वाचनखूण साठवली. असा ओंडका घरी करून बघायचा असेल तर लाकूड कोणतं, मापं काय? सुतारकाम येतं, गिटार कधी बनवलेली नाही.

खुंटी:

जवारी, करता येईल. लाकडापासून सुरू करू.

पाइन आपल्याकडे पॅकिंगच्या खोक्यांतून येतं, पण त्यात गाठी फार असतात आणि पुष्कळदा ओलं असतं. वखारीतून ४ बाय ४चा सागाचा जुना तुकडा मिळाला, घर पाडल्यावरचा, तर सोनंच. तो पुरता वाळलेला असतो. मात्र वजनाचा हिशोब करा. १० बाय १० सेंमी जाडीचा, ४५ सेंमी लांबीचा तुकडा म्हणजे ४,५०० घनसेंमी. पाइन असेल तर सव्वादोन किलोच्या आसपास, साग असेल तर तीन किलोच्या घरात. यात नेक आणि सामान मिळवायचं. उभं राहून वाजवायचं असेल तर जाडी १० ऐवजी ६ सेंमी करा. आसेत ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.

ओलं लाकूड घेऊ नका. पावसाळ्यात बसवलेला नेक मार्चपर्यंत सांध्यात ढिला होतो. तुकड्याचं वजन आठवड्याला एकदा करून लिहून ठेवा. सलग तीन आठवडे काटा हलला नाही की हत्यार लावा.

नेक पहिल्यांदा तयारच आणा. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवणं हे स्वतंत्र काम आहे, ते याच्यात मिसळू नका. आणलेल्या नेकवर नट (वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते १२वा फ्रेट हे अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक मोजा. त्याची दुप्पट म्हणजे तारेची लांबी. गिब्सन पद्धतीत ती २४.७५ इंच, म्हणजे ६२८.६५ मिमी. फेंडर पद्धतीत २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी.

घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज) मात्र बरोबर दुप्पट अंतरावर बसवायची नाही. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते आणि चढते. ती चूक भरून काढायला बारीक तारेखाली दीड-दोन मिमी आणि जाड तारेखाली चार-पाच मिमी मागे सरकावं लागतं. म्हणून घोडी किंचित तिरकी दिसते. १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा लागला तर सॅडल (घोडीवरचा तार टेकायचा सरकता तुकडा) मागे न्या, उतरता लागला तर पुढे आणा.

सगळ्यात जास्त चुका मध्यरेषेत होतात. ओंडक्यावर आधी उभी रेघ मारा आणि दोन बाहेरच्या तारांच्या जागी दोरा ताणून नेक बसवा. सांधा अर्धा अंश जरी तिरका झाला तरी नटपाशी साधारण तीन मिमीचा फरक पडतो, आणि बारीक तार फ्रेटच्या कडेवरून खाली घसरते. नंतर दुरुस्ती नाही, सांधा पुन्हा करावा लागतो.

.०१०चा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंची असलेला) तारांचा संच २४.७५ इंचावर चढवला की नेकवर एकूण ४४ किलोच्या आसपास ओढ येते. नुसत्या दोन स्क्रूंवर भागत नाही. चार हवेत, मागून धातूची पट्टी हवी आणि स्क्रूची भोकं आधी पाडून घ्यायला हवीत. सागात भोक न पाडता स्क्रू पिळला तर एक तर लाकूड चिरतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं.

घोडी:

खुंटी, नेकच्या कोनाबद्दलही लिहा. खुद्द गिब्सनची १९५२ची गिटार तिथेच अडखळली होती.

खुंटी:

हो, ते महत्त्वाचं आहे. १९५२च्या गिटारला मागच्या टोकापासून येणारी लांब ट्रॅपीझ घोडी होती. नेक जवळजवळ सपाट बसवलेला. तारा दांड्यावरून न्यायच्या म्हटलं तर फार उंच होत, म्हणून त्या दांड्याखालून काढल्या. परिणाम असा की तळहाताची कड टेकवून तार दाबायला जागाच उरली नाही, आणि ही तर लेस पॉल यांच्या वाजवण्यातली नेहमीची गोष्ट. घोडी पृष्ठभागाला पक्की नसल्यामुळे जोरात वाजवलं की जागची हलायची. १९५३मध्ये नेकचा कोन वाढवला आणि लाकडात खुंट्या रोवून बसवलेला दांडा आला. १९५४च्या काळ्या 'कस्टम'वर प्रत्येक तारेला वेगळं सॅडल असलेली ट्यून-ओ-मॅटिक घोडी आली. पुढच्या वर्षी ती सोनेरी गिटारवरही आली.

ओंडक्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ट्यून-ओ-मॅटिक घोडी पृष्ठभागापासून दीड सेंमीहून उंच बसते. नेक सपाट ठेवून ती लावली तर तारा फ्रेटपासून बोटभर वर राहतात. एक तर नेक तीन-चार अंश मागे झुकवा, नाहीतर फेंडर पद्धतीची बुटकी घोडी घ्या. पहिल्या खेपेला बुटकीच घ्या.

जवारी:

फार उपयोगी. पिकअप विकत घ्यावा की गुंडाळावा?

घोडी:

गुंडाळून बघा. लेस पॉल समजून घ्यायचे तर ते काम हाताखालून जायला हवं. १९५२च्या गिटारवरच्या पी-९० या पिकअपचं गणित देतो.

एकच कॉइल, ४२ एडब्ल्यूजी (अमेरिकी तारमाप) जाडीची इनॅमल तांब्याची तार, सुमारे १०,००० वेढे. कॉइलच्या मधोमध सहा स्क्रू, आणि खाली त्यांच्या दोन अंगांना दोन पट्टी-चुंबक. दोन्ही चुंबकांची सारखी बाजू स्क्रूंकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे ते एकमेकांना ढकलतील. ते एकमेकांना चिकटले तर समजा, एक उलटा पडला आहे.

आता इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत '४२ नंबरची तार' मागितली तर दुकानदार एसडब्ल्यूजीची (ब्रिटिश तारमाप) ४२ देतो. ती ०.१०२ मिमी जाड असते. आपल्याला हवी ०.०६३ मिमी. जाड तारेचे १०,००० वेढे बॉबिनमध्ये (तार गुंडाळायच्या रिळात) मावतच नाहीत. एसडब्ल्यूजीमध्ये जवळची जाडी ४६ नंबर, ०.०६१ मिमी. तार मागताना नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

एका वेढ्याची सरासरी लांबी १५ सेंमी धरली तर दीड किलोमीटर तार लागते. मीटरवर रेझिस्टन्स आठ किलोओहमच्या आसपास यायला हवा. ४६ नंबरची तार थोडी बारीक, म्हणून आकडा थोडा जास्त आला तर घाबरू नका. मीटरवर काहीच दिसलं नाही तर तार आत कुठेतरी तुटली आहे. बहुतेक वेळा ती सुरुवातीच्या टोकाशी, जिथे जाड वायर सोल्डर केली तिथेच तुटलेली असते. म्हणून सुरुवातीचं टोक बॉबिनवर दोन-तीन वेढे घेऊन चिकटपट्टीने धरा आणि दर हजार वेढ्यांनी मीटर लावा. शेवटी कळण्यापेक्षा हजारावर कळलेलं बरं.

गुंडाळायला शिवणयंत्राची मोटर किंवा वेग कमी-जास्त होणारं ड्रिल चालतं. वेढे मोजायला फिरत्या भागावर छोटं चुंबक, समोर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) आणि त्याला स्वस्त कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाच्या दोन वायरी. आधी १ + १ दाबून ठेवलं की बहुतेक कॅल्क्युलेटर दर फेरीला एक आकडा वाढवतात. स्विच एकाच फेरीत दोनदा लागत नाही ना, हे हाताने दहा वेढे फिरवून तपासा. तार दोन बोटांत फेल्टचा तुकडा धरून त्यातून जाऊ द्या. ओढ जास्त झाली की तुटते. कमी झाली की वेढे सैल बसतात आणि मोठ्या आवाजात कॉइल स्वतःच थरथरून शिट्टी मारते.

ती शिट्टी घालवायला मेण. पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग. पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा, थेट आचेवर कधीही नाही, मेण पेट घेतं. तापमान ६५ अंश, थर्मामीटर लावूनच. सत्तरीच्या पुढे प्लॅस्टिकचं बॉबिन वाकायला लागतं. कॉइल बुडवली की हवेचे बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत, साधारण १० ते २० मिनिटं, ठेवायची. चुंबक या सगळ्यानंतर लावायचे.

तरफ:

एका कॉइलच्या घरघरीबद्दल: अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. म्हणून आपल्याकडची घरघर ५० आणि तिच्या पटीत, १००, १५० अशी येते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक आणि पंख्याचा रेग्युलेटर जवळ असेल तर जास्तच. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर पिकअपच्या किंवा जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्या असण्याची शक्यता मोठी. घोडीखालून पोटेन्शिओमीटरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) पाठीपर्यंत एक वायर न्यायला विसरू नका, आणि ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या, खरंच अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. लेस पॉल यांना १९४१मध्ये घरच्या तळघरात वाजवताना विजेचा जीवघेणा धक्का बसला होता, सावरायला फार काळ लागला.

गिब्सनने १९५७मध्ये दोन कॉइलचा हंबकर (घरघर मारणारा पिकअप) बसवला, तो त्यांच्याकडचे अभियंते सेथ लव्हर यांचा. एक कॉइल उलट गुंडाळीची आणि तिच्या चुंबकाची बाजूही उलटी. बाहेरची घरघर दोन्हींत विरुद्ध येऊन कटते. तारेचा सूर दोनदा उलटा होऊन सुलट येतो, म्हणून बेरीज होते. फक्त गुंडाळी उलटी केली आणि चुंबक तसाच ठेवला तर घरघरीबरोबर सूरही कटतो, आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा येतो.

फीत:

गिटारबद्दल सगळे लिहितात, रेकॉर्डिंगबद्दल मी लिहितो. माझ्या मते त्यांचं मोठं काम इथेच आहे.

टेप येण्यापूर्वी ते हॉलिवूडच्या घराच्या गॅरेजमध्ये तबकडीवर काम करत. तबकडी कोरणाऱ्या यंत्राला कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील लावलं होतं. ते जड आणि नेमकं तोललेलं, म्हणून वेग एकसारखा राही. पहिली गिटार एका तबकडीवर. ती वाजवत, सोबत दुसरी वाजवून दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर. असं करत १९४८च्या 'लव्हर' या तबकडीत आठ गिटार एकट्याने चढवल्या. एक सूर चुकला की ती तबकडी फेकून द्यायची. त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमात बर्फावरून गाडी घसरली आणि उजवं कोपर चुरलं. हात सरळ होणार नाही हे कळल्यावर त्यांनी तो गिटार धरता येईल अशा कोनात बसवून घेतला.

१९४९मध्ये गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना अँपेक्स कंपनीचं टेप यंत्र दिलं. टेपच्या वाटेत हेड असतात तीन: आधी पुसणारं, मग लिहिणारं, मग वाचणारं. लेस पॉल यांनी पुसणाऱ्याच्याही आधी आणखी एक वाचणारं हेड बसवलं. आधीचा आवाज त्या हेडने उचलायचा, त्यात चालू वाजवणं मिसळायचं. मधलं हेड टेप कोरी करतं आणि मिश्रण पुढच्या हेडने त्याच टेपवर लिहिलं जातं. एका यंत्रात कितीही थर. १९५१मध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं 'हाऊ हाय द मून' याच पद्धतीचं. त्यातले गायनाचे सगळे थर त्यांच्या पत्नी, गायिका मेरी फोर्ड यांचे.

धोका लक्षात घ्या: जुना थर पुसूनच नवा लिहिला जातो. दहाव्या थराला ठसका लागला तर आधीचे नऊही गेले. शिवाय दर फेरीला टेपची खरखर मिसळत जाते. बारा फेऱ्यांत ती जवळपास ११ डेसिबलने वाढते आणि वरच्या सुरांची धार बोथट होते. म्हणून कमी महत्त्वाचे थर आधी, मुख्य गायन आणि मुख्य गिटार शेवटी. मेरी फोर्ड माइकच्या अगदी तोंडाशी गात, गिटार थेट तारेने यंत्रात जाई. आवाज भरदार गेला की खरखर त्यामानाने कमी राहते, आणि खोलीचा घुमारा बाराव्यांदा साचत नाही.

जवारी:

नवीन हेड आधी आणि लिहिणारं नंतर, मग दोन आवाजांत फट नाही का पडत?

फीत:

प्रश्न नेमका आहे. फट पडत नाही, कारण मिश्रण टेपवर जाण्याआधी, वायरीतच होतं. ऐकू येणारं आणि वाजवलेलं एकाच क्षणी एकाच हेडने लिहिलं जातं. होतं इतकंच, की प्रत्येक फेरीला सगळं गाणं टेपवर हेडमधल्या अंतराइतकं सुरुवातीकडे सरकतं. अंतर ५ सेंमी धरलं तर १२ फेऱ्यांत ६० सेंमी, म्हणजे सेकंदाला ३८ सेंमीच्या वेगाने दीड सेकंदाहून जास्त. पुढे कोरी टेप सोडली नाही तर गाण्याचं तोंडच कापलं जाईल.

घरी कॉम्प्युटरवर ही शिस्त अनुभवायची असेल तर एकच ट्रॅक ठेवा, प्रत्येक थरानंतर मिश्रण करून जुनी फाइल पुसून टाका. 'अनडू' नाही. पाचव्या थरापर्यंत कुठला थर आधी घ्यायचा हे कानच सांगू लागतो.

'लव्हर'मधली ती चिवचिवणारी गिटार अर्ध्या वेगाची. ६०च्या लयीत, एक सप्तक खाली वाजवायचं आणि दुप्पट वेगाने सोडायचं. लय १२०, सूर मूळ सप्तकात, आणि तार छेडण्याचा ठोका निम्म्या वेळात, म्हणून टोकदार. सॉफ्टवेअरमध्ये सूर न हलवता वेग बदलणारं साधन वापरू नका. दोन्ही एकत्र बदलणारंच घ्या. आंदोलनही दुप्पट होतं, तेव्हा वाजवताना ते निम्म्या गतीने द्या, नाहीतर बकरी ओरडल्यासारखं वाटतं.

यापुढची पायरी आठ वेगळे ट्रॅक. अँपेक्सच्या रॉस स्नायडर यांनी तयार केलेलं एक इंची टेपचं आठ ट्रॅकचं पहिलं यंत्र १९५७मध्ये लेस पॉल यांच्याकडे आलं. त्यात मात्र ऐकण्याची फट हा खरा प्रश्न होता, कारण जुना आणि नवा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. तो सुटला लिहिणाऱ्याच हेडकडून जुने ट्रॅक वाचून घेऊन. आवाज जरा मुका येई, पण ताल पकडायला पुरेसा.

घोडी:

अवांतर: मूळ 'लॉग' नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याचा फोटो मोठा करून बघा. पंखांच्या एफ आकाराच्या भोकांना आवाजाचं काहीच काम नाही, आणि मधली पाइनची पट्टी उघडीच ठेवलेली आहे.

जवारी:

वखारीत सागाचा तुकडा पाहून ठेवतो. पंख आधी करू की तारा आधी चढवू?

खुंटी:

तारा आधी. एकच, पाचवी जाड तार चढवा, पिकअप नुसता दुहेरी चिकटपट्टीने बसवा आणि छेडल्यापासून विरेपर्यंत सेकंद मोजा. मग हाताने नेक घट्ट धरून पुन्हा मोजा. धरल्यावर आकडा वाढला तर सांधा ढिला आहे, स्क्रू काढून पाचर द्या. दोन्ही आकडे सारखे आले की उरलेल्या पाच तारा चढवा. पंख सगळ्यात शेवटी, आणि ते स्क्रूनेच लावा, चिकटवू नका. पिकअपच्या वायरीपर्यंत पोचायला ते पुन्हा काढावे लागतात.